अनिश्चिततेचा अभ्यास

नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळ कांदा चाळीत साठवावा की मिळेल त्या दराने बाजार समितीत विकावा, हा निर्णय शेतकऱ्यास भावाची खातरजमा नसतानाच घ्यावा लागतो. आणि वर्षाकाठी एकदाच येणारा असा प्रसंग अनुभवाचे शिक्षण फार मंदगतीने देतो. संगणकीय खेळाचे सामर्थ्य येथेच आहे, कारण शेकडो अंदाज आणि त्यांचे निकाल तो तासाभरात समोर मांडू शकतो. गुणांकनासाठी ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० साली मांडलेली रीत अशा खेळास उपयोगी पडते: भाव चढण्याची संभाव्यता ७० टक्के सांगितली आणि भाव चढला, तर दंड ०.०९, न चढल्यास ०.४९, मात्र शंभर टक्के खात्री देऊन चुकणाऱ्यास पूर्ण १. कॅरी मोरवेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, खास रचलेला खेळ एकदाच खेळल्याने निर्णयातील पूर्वग्रह घटले आणि तो परिणाम दोन महिन्यांनंतरही टिकला. तथापि खेळातील संभाव्यता रचनाकाराने ठरविलेली असते, निर्यातबंदीचा सरकारी हुकूम तसा नसतो. सबब कांद्याचा भाव कोणताही खेळ सांगणार नाही, परंतु स्वतःच्या खात्रीवर कितपत विसंबावे, हे तो शिकवू शकेल.