कडा करपा : जिवाणू आपले पीक कसे निवडतो?

पानिपतजवळील काला अंब हे ठिकाण 14 जानेवारी 1761 च्या रणसंग्रामामुळे मराठी मनाला परिचित आहे. आज या परिसरात खरिपात भात, विशेषतः बासमती, आणि रब्बीत गहू घेतला जातो. बासमतीवरील जिवाणूजन्य कडा करपा कोकण आणि पूर्व विदर्भातील भात उत्पादकांनाही नवा नाही. पानांच्या कडा टोकापासून पिवळ्या पडून वाळतात. बांधावरचे आंब्याचे झाड मात्र या जिवाणूपासून सुरक्षित राहते. या निवडीमागे जिवाणूची जनुके आहेत.

एक प्रजाती, अनेक यजमान

कडा करपा झॅन्थोमोनास या प्रजातीतील जिवाणूमुळे होतो. याच प्रजातीतील अन्य जिवाणू लिंबावर खैऱ्या, डाळिंबावर तेल्या आणि आंब्यावर काळे ठिपके आणतात. खैऱ्या व तेल्याचे जिवाणू तर एकाच जातीत गणले जातात. तरीही त्यांचे यजमान भिन्न आहेत.

साखरेच्या कोठाराची किल्ली

जिवाणू सुईसारख्या यंत्रणेने आपली प्रथिने वनस्पतीच्या पेशीत सोडतो. त्यांपैकी ‘टाल’ प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन डीएनएच्या ठराविक अक्षरक्रमावर बसतात व तेथील जनुक चालू करतात. कोणते प्रथिन कोणत्या क्रमावर बसते, याचे सूत्र 2009 मध्ये उलगडले. भातात ही प्रथिने साखरवाहक ‘स्वीट’ जनुके चालू करतात. पेशीतील साखर बाहेर पडते आणि जिवाणूचे पोषण होते. किल्ली कुलपाला जुळली तरच दार उघडते.

जिवाणू पानात कोठे वाढेल, हेही जनुकांवरच ठरते. कडा करप्याचा जिवाणू जलवाहिन्यांतून पसरतो, तर त्याचा निकटचा भाऊबंद शिरांमधील पेशींतच राहून रेषा पाडतो. पेशीभित्तिका विरघळवणारे विकर तयार करणारे ‘सीबीएसए’ हे एकच जनुक असणे वा नसणे या फरकास कारणीभूत असल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

प्रतिकारक वाणांचे तत्त्व

‘एक्सए-13’ या प्रतिकारक जनुकात कुलूपच बदललेले असते. त्यामुळे जिवाणूची नेहमीची किल्ली लागत नाही. परंतु काही जिवाणूंकडे दुसऱ्या स्वीट जनुकाची किल्ली असते. म्हणून जोडीला ‘एक्सए-21’ दिले जाते. आफ्रिकी रानटी भातातून आलेले हे जनुक 1995 मध्ये विलग करण्यात आले. ते पेशीच्या पृष्ठभागावर पहारेकऱ्याचे काम करते आणि जिवाणूची चाहूल लागताच संरक्षण जागे करते.

भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने ही दोन्ही जनुके एकत्र आणून 2007 मध्ये सुधारित पुसा बासमती 1 आणि 2021 मध्ये पुसा बासमती 1847, 1885 व 1886 हे वाण दिले. एकाच जनुकावर विसंबल्यास जिवाणूतील लहानसा बदलही प्रतिकारशक्ती निष्प्रभ करू शकतो.

शिफारशी

- एकाहून अधिक प्रतिकारक जनुके असलेल्या वाणाचे शुद्ध, प्रमाणित बियाणे वापरावे.
- लावणीवेळी रोपांचे शेंडे खुडू नयेत. जखमांतून जिवाणू शिरतो.
- नत्र शिफारशीइतकेच व विभागून द्यावे.
- रोगट खाचरातील पाणी निरोगी खाचरात सोडू नये.
- प्रतिकारक वाणावर रोग दिसल्यास तातडीने कृषी विज्ञान केंद्रास कळवावे. ती जिवाणूच्या नव्या प्रकाराची पहिली खूण असू शकते.