कर्ज निर्लेखित झाले, पण फिटले काय?

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले बोरी. इथून पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला आमचा बांधव दहा-बारा वर्षांत चार पैसे गाठीला बांधतो, हक्काचे घर घ्यायचे ठरवतो. बँकेत अर्ज करतो आणि जुने कर्ज आडवे येते. कधी म्हशीसाठी घेतलेले, कधी मोटारसायकलसाठी, कधी नातलगाला जामीन राहिलेले. ‘ते तर बँकेने केव्हाच सोडून दिले!’ असे तो म्हणतो. इथेच आमची फसगत होते.

बँक ज्याला ‘राइट ऑफ’ म्हणते, ते निर्लेखन. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. बँक आपला ताळेबंद स्वच्छ करते. कर्जदाराकडचे येणे मात्र कायम राहते. 2014-15 ते 2023-24 या दहा वर्षांत बँकांनी 16.35 लाख कोटी रुपये निर्लेखित केल्याचे केंद्र सरकारने 2025 साली संसदेत सांगितले. त्यातल्या धनदांडग्यांकडे वकिलांची फौज असते. बोरीच्या मजुराच्या पोराकडे काय असते? माहिती मिळवली तर तेवढे एकच हत्यार!

म्हणून घराचा बयाणा देण्याआधी आपला पतअहवाल काढावा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज आपले नसेल किंवा आकडा चुकला असेल तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

कर्ज खरे असेल तर ते आज कोणाकडे आहे, हे आधी विचारावे. बँका अशी कर्जे विकतातही. वसुलीवाल्याच्या फोनवर विसंबून एक रुपयाही देऊ नये. तारण नसलेल्या साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. ती संपण्याआधी लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते. संपल्यावर फेडीचे लेखी वचन दिले तर तो नवा करार ठरतो. म्हणून जाणत्याला विचारल्याशिवाय सही नको. मात्र मुदत संपली म्हणून अहवालातला डाग पुसला जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तडजोडीत रक्कम कमी होते, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि गृहकर्ज देणारा बिचकतो. ऐपत असेल तर पूर्ण फेड करून ‘क्लोज्ड’ नोंद घ्यावी. दोन्ही वेळी आधी लेखी पत्र, मग बँकेमार्फत पैसे, मग बेबाकी दाखला, हाच क्रम. नोंद बदलल्याची खात्री झाल्यावरच गृहकर्जाचा अर्ज करावा.

ज्या बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या लेकरांनी बँकेचा कागद न वाचता सही करावी, हे आम्हाला शोभते काय? घर बांधायचे तर आधी हिशेब वाचायला शिकू या!