तळेरे हे नाव किती जागा घेतं?

मंडळी, आज तळेऱ्यात बोलतोय, तर उदाहरणही इथलंच घेऊ. सी भाषेत आपण गावाच्या नावासाठी १० बाइटची जागा ठेवली आणि नाव वाचायला 'गेट्स' हे फंक्शन वापरलं. रोमन लिपीत तळेरे लिहिलं तर सहा अक्षरं आणि शेवट दाखवणारा एक शून्य बाइट, एकूण ७. सगळं सुरळीत. आता देवनागरीत लिहा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबात त, ळ, र आणि दोन मात्रा अशी पाच चिन्हं होतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १५, अधिक तो शून्य. दहाच्या जागेत सोळा!

जादा सहा बाइट शेजारच्या जागेवर लिहिले जातात. तिथे दुसरी माहिती असेल तर ती बिघडते. फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता तिथे असेल, तर मजकूर पाठवणारा प्रोग्रामचा ताबाच घेऊ शकतो. नोव्हेंबर १९८८ मधल्या 'मॉरिस वर्म'ने हेच केलं. 'फिंगर' सेवेत ५१२ बाइटची जागा होती आणि वाचायला गेट्स.

मग असं फंक्शन ठेवलंच कशाला? १९७०च्या दशकात सी घडली तेव्हा मेमरी तुटपुंजी, वापरणारे मोजके आणि ओळखीचे. मर्यादा सांभाळणं प्रोग्रामरवर सोपवलं होतं. गेट्सला तर जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. २०११च्या सी मानकातून ते काढून टाकलं. पण टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या आम्हा अनेकांच्या बोटांतून ते गेलं नाही. उत्तर बरोबर येत होतं ना!

त्याऐवजी 'एफगेट्स' वापरा. त्याला जागेचं माप सांगावं लागतं. १० सांगितलं तर ते नऊच बाइट घेतं आणि हाती येतं 'तळे'. 'रे' मागे वाचायचं राहतं. मेमरी वाचली, गावाचं नाव गेलं! म्हणून ओळ पूर्ण आली का, हेही तपासायचं.

कंपायलरच्या सूचना चालू ठेवा, त्या वाचा. आणि आज घरी गेल्यावर आपल्या जुन्या प्रोग्रामला गावाचं नाव मराठीत देऊन बघा.