कोड्याचा घन : जोडणी आणि जुळवणी

रंगीत घनाचे कोडे आता माहूरसारख्या गावालाही नवीन राहिलेले नाही. यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातून ते घरी येते, चार दिवस या हातातून त्या हातात फिरते आणि "आपलं डोकं नाही बा एवढं चालत" असे म्हणून फळीवर जाऊन पडते. मित्रहो, डोक्याला दोष देण्यापूर्वी घन एकदा उघडून पाहावा, एवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हा घन १९७४ साली बुडापेस्ट येथील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी तयार केला. त्याच शहरात १९८२ साली झालेली जागतिक स्पर्धा अमेरिकेच्या मिन्ह थाय याने २२.९५ सेकंदांत जिंकली. पुढे २०२३ साली मॅक्स पार्क याने ३.१३ सेकंदांत घन सोडविला. सोडविण्याच्या रीती सुधारल्या हे खरेच. पण घनाची आतली रचनाही तितकीच सुधारली.

घनाच्या पोटात सहा फाट्यांचा गाभा असतो. प्रत्येक फाट्यावर स्क्रू व स्प्रिंगने एक मध्यतुकडा बसविलेला असतो. दोन रंगांच्या बारा कडा आणि तीन रंगांचे आठ कोपरे मात्र कशालाही जोडलेले नसतात. ते एकमेकांत अडकून राहतात.

सुट्या भागांचा संच घेतल्यास प्रथम मध्यतुकडे बसवावेत : पांढऱ्यासमोर पिवळा, तांबड्यासमोर नारिंगी, निळ्यासमोर हिरवा. स्क्रू सैलच ठेवावेत. नंतर खालचा थर, मधल्या चार कडा आणि मग वरचा थर भरावा. शेवटची कड राहिली की वरचा थर ४५ अंश फिरवून ती दाबून बसवावी.

प्रत्येक तुकडा रंग पाहूनच बसवावा. कसेही तुकडे भरले तर बारांत एकदाच सुटणारा घन तयार होतो. कारण घन कितीही फिरवला तरी एकटा कोपरा जागच्या जागी वळत नाही, एकटी कड उलटत नाही आणि फक्त दोनच तुकड्यांची अदलाबदल होत नाही. या तीन अडचणींचा हिशेब ३ × २ × २ = १२ असा होतो. कोणी एकच कोपरा चुकीचा वळवून ठेवला असेल, तर तो घन गणिताच्या प्राध्यापकांनाही सुटणार नाही!

आता जुळवणी. मध्यतुकड्यांवरची झाकणे काढून स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा. घट्ट झाला तर बोटे दुखतात. सैल झाला तर भर वेगात तुकडे निखळतात. सहाही बाजूंचा ताण सारखा हवा. बाजेची दोरी एकीकडेच ओढली की बाज तिरकी होते, तसेच येथे होते. एक थर किंचित वाकडा ठेवून शेजारचा फिरवून पाहावा. तो न अडखळता वळला की जुळवणी साधली. शेवटी सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल तेल घालू नये, ते धूळ धरते.

एवढे करूनही घन सुटला नाही, तर सोडविण्याची रीत शिकावी. ती कोणालाही शिकता येते.