चोर बाजारातली मोटार आधी उलटी करून बघा

मुंबईत मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे आसपासच्या रस्त्यांवर जुम्मा बाजाराच्या पथाऱ्या पडतात. बॅटरीच्या उजेडात पत्र्याची आगगाडी, जुनी नाणी, मॅचबॉक्सच्या मोटारी सगळं एकाच ढिगात सापडतं.

मोटार हातात आली की आधी उलटी करावी, असं आम्ही सांगू. पोटावर 'लेसनी, इंग्लंड' असेल तर ती बहुधा १९८२ किंवा त्याआधीची. त्या साली ही कंपनी बुडाली आणि पुढे मॅचबॉक्स मकावमध्ये, नंतर चीनमध्ये बनू लागली. 'निकी टॉईज' दिसलं तर मात्र सोडू नका! इंग्लंडच्या डिंकी मोटारींचे साचे भारतात आले, त्यांतून कलकत्त्यात ही खेळणी निघाली. आपण इंग्लंडचा शिक्का शोधत बसतो आणि नेमकी हीच बाजूला टाकतो.

रंग उडाला म्हणून घरी नवा देऊ नका, किंमत उतरते. मूळ खोका असेल तर भाव चढतो. चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला तर जरा जपूनच. त्यांतले कित्येक नव्याने जुळवलेले असतात.

आता घरात लहान मूल असेल तर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते धुऊन जात नाही आणि मुलं खेळणं थेट तोंडात घालतात. शिशामुळे मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते. म्हणून अशी मोटार काचेच्या कपाटातच ठेवावी, नातवाने कितीही हट्ट केला तरी.