शिखर नाही, तरी मंदिर उभे

अंबरनाथचे शिवमंदिर मुंबईच्या उपनगरी गाडीने गाठता येते. स्टेशनावर उतरून थोडे चालले की वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाची ती वास्तू दिसते. शाळांच्या सहली येथे बऱ्याच येतात. मुले मूर्ती पाहतात, डबा खातात आणि परत जातात. शिक्षकही बहुधा इतिहासाचे किंवा चित्रकलेचे असतात. आम्ही नववीच्या मुलांबरोबर गेलो तेव्हा पदार्थविज्ञान शिकवणारे आम्हीच काय ते होतो, आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत आपला येथे काही उपयोग होईल असे आम्हाला वाटले नव्हते.

अंबरनाथचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. त्यावरच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. दगडांचे थर आत झुकत वर चढतात आणि मध्येच थांबतात. एका मुलाने वर बघत विचारले, "सर, ह्याचं टोकच नाही. मग बाकीचं आत का नाही कोसळलं? चुना पण दिसत नाही."

आम्ही घाईने सांगितले, "दगड एकमेकांत खाचा पाडून अडकवलेले असतात." हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते अगदी खोटे नाही, पण प्रश्नाचे उत्तरही नाही. खाच आणि कुसू दगडाला जागेवरून सरकू देत नाहीत, एवढेच. वजन पेलण्याचे काम त्यांच्याकडे नसते. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि आमचेही. मंदिराबाहेर झाडाखाली बसून आम्ही पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी खडूपासून.

खडूचे एक टोक बाकावर उभे टेकवून वरून बोटाने दाबा. तो सहजासहजी मोडत नाही. तोच खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. लगेच तुकडे होतात. वाकवताना त्याची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. तो तुटतो तो ताणलेल्या बाजूकडून. दगडाचा स्वभाव हाच. चांगल्या प्रतीचा बेसॉल्ट दर चौरस सेंटिमीटरला १००० किलोग्रॅम आणि त्याहूनही अधिक भार सोसतो. घन सेंटिमीटरला २.८ ग्रॅम वजन धरून हिशोब केला, तर १००० किलोग्रॅमच्या मर्यादेतही बेसॉल्टचा सरळ खांब सुमारे साडेतीन किलोमीटर उंच झाल्यावर त्याचा तळ स्वतःच्या वजनाने चिरडू लागेल. म्हणजे मंदिराच्या भिंतींना दाबाची भीती जवळजवळ नाहीच. ताणाच्या बाबतीत मात्र तोच दगड साधारण दहापट दुबळा असतो. त्यातच दख्खनचा हा खडक लाव्हा थंड होताना आकसून तयार झाला, त्यामुळे त्यात जन्मजात भेगा असतात. लांबलचक, निर्दोष शिळा खाणीत मिळणे कठीण.

आता दोन खांबांवर आडवी ठेवलेली दगडी तुळई घ्या. जाडी तीच ठेवून खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर तुळईचे वजन दुप्पट होते आणि ते जितक्या लांबीवर वाकवते ती लांबीही दुप्पट होते. खालच्या बाजूचा ताण चौपट वाढतो. म्हणून दगडी मंदिरात खांबांची गर्दी असते. सभामंडपात आपल्याला हवे तसे मोकळे अंतर का ठेवत नाहीत, याचे कारण सौंदर्यदृष्टीइतकेच या चौपटीत आहे. कोणार्कच्या तेराव्या शतकातील कारागिरांनी अंतर वाढवण्यासाठी लोखंडी तुळयांचा आधार घेतला होता. त्यांतील काही तेथील आवारात पाहायला मिळतात. अंबरनाथच्या मंडपात मध्यभागी चार खांब आहेत. त्यांनी जागा लहान-लहान भागांत वाटून टाकली आहे.

राहिला चार खांबांमधला चौक. तो एका शिळेने झाकायचा नसेल तर प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढायचा. चौकोनाचे कोपरे तिरप्या दगडांनी कापले की अष्टकोन होतो, पुढे वर्तुळ, आणि वर्तुळे लहान होत जातात. हे किती पुढे काढता येईल, हे वर्गातच पाहता येते. सारख्या आकाराच्या चार विटा टेबलाच्या काठावर एकावर एक ठेवा. सर्वांत वरची वीट तिच्या खालच्या विटेपेक्षा अर्धी लांबी पुढे, दुसरी तिसरीपेक्षा पाव लांबी पुढे, तिसरी चौथीपेक्षा एकषष्ठांश आणि चौथी काठापासून एकअष्टमांश. बेरीज २५/२४ येते. म्हणजे वरची अख्खी वीट टेबलाच्या बाहेर हवेत असते! प्रत्यक्षात इतके काटेकोर जमत नाही. पाच-सहा विटा घेऊन प्रत्येक अंतर थोडे कमी ठेवावे. नियम एकच: कोणत्याही विटेच्या वर जेवढे काही आहे, त्याचा एकत्र गुरुत्वमध्य त्या विटेच्या कडेपलीकडे जाऊ द्यायचा नाही. देवळात तर या दगडांच्या मागच्या शेपटावर भिंतीचा आणि छताचा भारही असतो, त्यामुळे काम सोपे होते.

गोल थरात आणखी एक मदत मिळते. ती समजण्यासाठी विहीर आठवावी. गावाकडच्या जुन्या गोल विहिरी कित्येकदा कोरड्या दगडांनी बांधलेल्या असतात. चारही बाजूंनी माती आत ढकलत असते, तरी दगड आत पडत नाहीत, कारण आत सरकायला निघालेला प्रत्येक दगड दोन शेजाऱ्यांत पाचरीसारखा घट्ट होतो. चौकोनी विहिरीची सपाट भिंत पोट काढते, गोल विहिरीची काढत नाही. छताचे वर्तुळही तसेच. आत कलंडू पाहणारे दगड एकमेकांना दाबतात, आणि दाब तर दगडाला चालतोच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कमानीचे दोन अर्धे एकमेकांवर रेलून उभे असतात. मधला दगड बसेपर्यंत त्यांना लाकडी आधार लागतो आणि तो काढून घेतला की दोन्ही पडतात. शिखर तसे नाही. त्याचा प्रत्येक थर खालच्या थरावर स्वतःपुरता स्थिर असतो. बांधताना कारागीर कोणत्याही थरावर थांबू शकत होता आणि वरचे थर गेले तरी खालच्यांचे काही अडत नाही. टोक नसतानाही बाकीचे उभे आहे ते म्हणूनच. हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत, एकाच शिळेतून घडवले अशी दंतकथा तेथे ऐकू येते. उत्तरेकडच्या दारावरील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. थरांचे सांधे मुलांनी बोट फिरवून पाहिले, मग एका शिळेची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही.

जुन्या देवळांत मध्यभागी तडा गेलेली तुळई पुष्कळदा दिसते आणि लोक घाबरतात. तडा गेल्यावरही ती बहुधा लगेच पडत नाही. तिचे दोन तुकडे मध्यावर वरच्या कडेने एकमेकांना रेटतात आणि टोकांशी खांबांना बाहेर ढकलतात. एक चपटी कमानच तयार होते. टोके दाबून धरणारा वरचा भार जोवर जागेवर आहे, तोवर ती टिकते. म्हणून 'ओझे कमी करू' म्हणून छतावरचे दगड उतरवणे धोक्याचे ठरू शकते. कोरड्या सांध्यांत सिमेंट भरण्याचा उत्साहही असाच. आत शिरलेले पाणी पूर्वी सांध्यांतून निघून जाई, ते आता अडते, आणि सिमेंटमधले क्षार दगडाचा पृष्ठभाग सोलून काढतात. लोखंडी पट्टी ठोकली तर ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो, आणि ज्या दगडाला ताण सोसत नाही त्यालाच तो आतून फाकवतो. आमच्या मते जुन्या देवळांचे निम्मे दुखणे श्रद्धेने केलेल्या दुरुस्तीतून येते.

झाडाच्या मुळाचे कामही गंजासारखेच. निघताना त्याच मुलाला बाहेरच्या भिंतीच्या एका सांध्यात पिंपळाचे रोपटे दिसले. तो उपटायला धावला. आम्ही थांबवले, कारण वरची फांदी तुटून मूळ आत राहिले तर पुन्हा फुटते आणि जाड होते. त्याने वहीत त्या कोपऱ्याचे चित्र काढले, जमिनीपासून कितवा थर तेही मोजून लिहिले. रखवालदाराने ते पान मागून घेतले आणि घडी घालून खिशात ठेवले.