यादी मुंबईची की पुण्याची?

मुंबईहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं, तर पगार किती हवा? भाडं, किराणा, दूध यांची बेरीज करून लोक मोकळे होतात. खरी गोम यादीत आहे.

मुंबईकराच्या यादीत लोकलचा पास असतो. पुण्यात त्या जागी अनेकदा दुचाकी, पेट्रोल आणि विमा येतो. भाववाढ मोजतानाही कोणती यादी धरायची, हाच पेच पडतो. अर्थतज्ज्ञ एत्येन लास्पेयर यांनी १८७१मध्ये जुनीच यादी कायम धरली, हेर्मान पाशे यांनी १८७४मध्ये नवी. उत्तरं, म्हणजे भावांचे निर्देशांक, सहसा वेगळी येतात. अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशर यांनी या दोन्ही निर्देशांकांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेतलं.

घरच्या हिशेबातही दोन्ही याद्या दोन्ही शहरांच्या दरांनी मांडता येतात. डिपॉझिट, दलाली आणि टेम्पोचं भाडं मात्र वेगळ्या रकान्यात. ते दरमहाचे खर्च नव्हेत.